पाचातले तीन

आमच्या घराच्या पडद्यांना मोटारीच्या सीटचं कापड आहे. बहरीनच्या सनद भागातल्या या फ्लॅटमध्ये मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा खिडक्या उघड्याबोडक्या होत्या. रहिमतुल्लाचाचांनी तुबलीच्या आपल्या वर्कशॉपमधून उरलेलं करडं कापड आणलं आणि एका शुक्रवारात सगळे पडदे शिवून दिले. ते कापड फाटत नाही, विरत नाही, आणि धुतलं की लवकर वाळतही नाही. कितीदा वाटलं, बदलावेत. पण चाचा घरी आले की आधी पडद्यांकडे बघतात आणि मग माझ्याकडे. कसे बदलणार?

चाचा नात्याने आमचे कोणी नाहीत. ते रत्नागिरीकडच्या आंबेखोलचे आणि माझे यजमान कमालही आंबेखोलचे, एवढंच. पण परदेशात गाव हेच नातं. कोकणातल्या आमच्या गावांची बहरीनमध्ये एकेक खोली असते. गावचा कोणीही विमानातून उतरला, नोकरी असो वा नसो, त्याला त्या खोलीत गादी आणि जेवण मिळतं, आणि किती दिवस राहणार असं त्याला कोणी विचारत नाही. खोलीची चावी गावातल्या सर्वांत वडील माणसाकडे असते. आंबेखोलची चावी इतकी वर्षं चाचांकडे आहे की तिचे दात झिजून गुळगुळीत झालेत. दुसऱ्या कुणी लावली तर कुलूप उघडतच नाही. कमाल बहरीनला आले ते त्याच खोलीत. चाचांनी त्यांना भाकरी थापायला शिकवली. लग्नानंतर मला ही गोष्ट कळली आणि मी तिचा पुरेपूर फायदा घेतला.

चाचांचं आता गावात कोणी राहिलं नाही. चाची गेली, घर पुतण्यांचं झालं. गाड्यांची सीटं शिवणारे हात अजून चालतात म्हणून वर्कशॉपवाला त्यांना सोडत नाही, आणि खोली आहे म्हणून त्यांना घर आहे. एवढं सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं भांडण त्याच खोलीवरून झालं.

तुबलीतल्या ज्या जुन्या बिल्डिंगमध्ये आंबेखोलची खोली होती, ती मालकाने पाडायला काढली. त्याच बिल्डिंगमध्ये आणखी तीन गावांच्या खोल्या होत्या. चारही गावांनी ठरवलं, वेगवेगळं हिंडण्यापेक्षा मिळून एक आख्खी बिल्डिंग भाड्याने घ्यावी आणि चार गावांची एक जमात, म्हणजे एक मंडळ करावं. विचार छान होता. पण एकत्र आल्यावर शब्द कुणाचा चालणार? चार गावांत सगळ्यांत मोठं पेवखाडी. त्यांची माणसं ढीगभर. आमचं आंबेखोल सगळ्यांत लहान, मोजून सात.

"सात?" मी कमालना म्हटलं. "गेल्या ईदला मी चौदा जणांचे वडे तळले."

"सात पुरुष गं."

जमातीत पुरुषच मोजतात. पहिल्यापासून तसंच आहे. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही, मी वड्यांचं पीठ भिजवायला गेले.

पेवखाडीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, जैनुद्दीनभाई. त्यांची कामगार पुरवणारी कंपनी आहे. माणूस वाईट नाही, कुणाच्या मयतीला सगळ्यांत आधी गाडी त्यांची येते. पण आपण बोललो की विषय संपला अशी त्यांची समजूत. त्यांचं म्हणणं, डोकी मोजा आणि डोक्यांप्रमाणे मतं द्या. कमाल म्हणत, प्रत्येक गावाला एक मत, नाहीतर बळी तो कान पिळी होईल. यावर कित्येक शुक्रवार नुसता चहा संपला. त्यातच एकदा जैनुद्दीनभाई सहज बोलून गेले, की नव्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, म्हाताऱ्यांना जिने चढवण्यापेक्षा इज्जतीने गावाला पाठवलेलं बरं. चाचा तिथेच बसले होते. त्यांनी बशीतला चहा पूर्ण प्यायला आणि बशी खाली ठेवली. कमाल घरी आले ते धुमसतच. डोक्यांप्रमाणे मतं गेली तर पुढच्या वर्षी चाचा विमानात बसलेले असतील, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

आता आमची लेक सुहा. अकरावीत आहे, मराठी सगळी कळते, उत्तर इंग्रजीत देते. ती जे बोलली ते मी मराठीत सांगते, नाहीतर तुमचीही माझ्यासारखी दमछाक व्हायची. तिच्या वर्गात अमेरिकेचं सरकार कसं उभं राहिलं याचं नाटक होतं. एकेका मुलाने एकेक राज्य व्हायचं आणि भांडायचं. सुहाला डेलावेअर मिळालं होतं.

"हे कुठं आलं?" कमालनी विचारलं. ते शर्टांना इस्त्री करत होते.

"अमेरिकेचं आंबेखोल," सुहा म्हणाली.

झालं, इस्त्री थांबली. सुहा जेवणाच्या टेबलावर उभी राहायची तेवढी बाकी होती. ती सांगू लागली. इंग्रजांना घालवून दिलं, पण तेरा राज्यांचं आपसांत पटेना. प्रत्येक जण आपल्या घरचा राजा. वरच्या सरकारला कुणी विचारत नव्हतं. मग सतराशे सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात एक सोडून सगळे फिलाडेल्फियाला जमले. बातमी बाहेर फुटू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या.

"एसी नसताना?" मी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मम्मी, प्लीज."

व्हर्जिनिया म्हणे मोठं, त्यांना डोक्यांप्रमाणे मतं हवीत. डेलावेअर चिमुकलं, त्यांना सगळ्यांना सारखी हवीत. मोडायचीच वेळ आली होती. मग तोड निघाली, की दोन सभागृहं करा. एकात डोक्यांप्रमाणे माणसं बसतील, दुसऱ्यात प्रत्येक राज्याची सारखी. दोन्हीकडे पास झालं तरच कायदा. आणि या दोघांच्याही वर राजा नाही, ठरावीक वर्षांसाठी निवडलेला माणूस, आणि तो चुकला तर सांगणारी कोर्टं.

कमालनी इस्त्री उभी केली आणि फोन उचलला. उरलेल्या दोन गावांच्या सदरांना तिथल्या तिथे लावला. इकडे सुहाचं नाटक चालूच होतं. पुढचं भांडण मोजणीचं होतं, कुणाला मोजायचं आणि कुणाला नाही. मी एक्झॉस्ट फॅन लावून बांगडे तळत होते, मला काहीच ऐकू आलं नाही. कमालना जे ऐकू आलं ते फोनच्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीतून. पाचांना तीन मोजलं आणि सगळ्यांनी मान्य केलं. एवढंच त्यांनी उचललं. आमच्याकडे याला अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर बैठक झाली. कमाल परत आले तेव्हा दारातूनच हसत होते. बायको-मुलीला समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. दोन मजलिसी, म्हणजे दोन सभा करायच्या ठरलं. एक डोक्यांची, एक गावांची. जैनुद्दीनभाईसुद्धा म्हणाले, डोकं लावलंस कमाल. मग मोजणी निघाली आणि पुन्हा पेटलं. जैनुद्दीनभाईंना आपल्या लेबर कॅम्पमधली सगळी पेवखाडीची पोरं मोजायची होती. बाकीचे म्हणाले, ती पोरं बैठकीला येत नाहीत, तुम्ही त्यांना कधी सोडत नाही, मग त्यांची मतं टाकणार कोण, तुम्हीच ना? जैनुद्दीनभाई म्हणाले, माझ्या गावची माणसं मी मोजू नको तर काय करू?

"मग मीच उठलो," कमाल म्हणाले. "म्हटलं, यावर पन तोड हाय. कॅम्पवाल्यांची पाच डोकी ती तीन धरायची. पन मत आनि चावी फक्त पुऱ्या मेंबरची. कोन कॅम्पवाला, कोन नाय, ते सीपीआर ओळखकार्डावरचा पत्ता बघून ठरवायचं. तेंची पन बाजू रहली, आमची पन रहली. मसुद्यात कॅम्पवाले असं लिवलं नाय, वाईट दिसतं. 'इतर मेंबर' असं लिवलं."

मी कौतुकाने बघत होते. सुहा बघत नव्हती. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"पप्पा, ते पाच कोण होते ते ऐकलंत का तुम्ही?" ती म्हणाली.

"कोन?"

"गुलाम. ज्यांना विकत घेत होते ते. मालकांना त्यांची डोकी हवी होती, म्हणजे सभागृहात मालकांच्या खुर्च्या वाढतात. त्यांना मत द्यायचं नव्हतं. म्हणून एका माणसाचे पाच तुकडे केले आणि तीन मोजले. आणि तिथेही ते नाव लिहिलं नाही, 'इतर व्यक्ती' असंच लिहिलं. पप्पा, मी ते चूक म्हणून शिकतेय. तुम्ही ते घेऊन गेलात?"

कमाल ओशाळले, पण पुरुष ओशाळला की आधी चिडतो. "हितं कोन गुलाम हाय? नुसती मोजनी हाय ती," असं म्हणून ते उठले आणि टीव्ही लावला. सुहा तिच्या खोलीत गेली. त्या रात्री बांगडे उरले, आणि आमच्या घरात बांगडे कधी उरत नाहीत.

मसुदा जमातीच्या ग्रुपवर पडला. पुढच्या शुक्रवारी सह्या व्हायच्या होत्या. आदल्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. चाचा. वर्कशॉपमधून थेट आलेले, बाह्यांवर फोमचा भुसा. त्यांनी पडद्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि टेबलावर खोलीची चावी ठेवली.

"आमिना, ही कमालकडं दी."

"का हो चाचा?"

"माज्या कार्डावर वर्कशॉपच्या क्वार्टरचा पत्ता हाय. मालकानं पयल्यापासून तोच घातलान. मना कवा कळलाच नाय, मी रहतो खोलीत." ते बसले नाहीत. "जैनुद्दीनचा पोरगा वाचून दावीत होता. मी इतर मेंबर. इतर मेंबरकडं चावी चालत नाय."

कमाल आतून आले. त्यांनी ते ऐकलं होतं. चाचांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

"चाचा, ते तसं नाय," कमाल म्हणाले. "ते तुमच्यासाठी नव्हतं."

"मग कोनासाठी होतां?" चाचांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा नव्हता. "ती पोरां पन गादीवरच निजतात ना? मी पन पयली धा वर्सं कॅम्पातच होतो. तवा मी तीनच होतो काय रे?"

कमालनी टेबलावरची चावी उचलली. चाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, जसा गावाहून नव्याने आलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात. "चल, मना उद्या ड्यूटी नाय, बैठकीला येन. भाईर बसेन," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मी चहा ठेवला होता तो तसाच राहिला.

मला फार राग आला होता. कमालवर, जैनुद्दीनभाईंवर, त्या अमेरिकेवर. बोलायला तोंड उघडलं, तर कमाल चावी मुठीत धरून जमिनीकडे बघत बसले होते. ज्या माणसाला वाचवायला हा सगळा खटाटोप, त्याच माणसाला आपल्या हाताने उंबऱ्याबाहेर बसवलं होतं. त्यांना आणखी काय सांगायचं? मी चाचांचा गार झालेला चहा ओतून दिला. थोड्या वेळाने कमाल उठले आणि सुहाच्या दारावर टकटक केली.

"डेलावेअर," ते म्हणाले. "परत सांग. सुरुवातीपासून सांग. फोन बंद केलाय मी."

शुक्रवारी बैठक जैनुद्दीनभाईंच्या बुसैतीनच्या घरी होती. पुरुष मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, आम्ही बायका पडद्याआड, चुलीपाशी. सुहाला मी ओढून नेलं नाही, ती आपणहून आली. जैनुद्दीनभाईंची बायको कश्मिरा माझ्या शेजारी सांदणं कापत होती. पडदा पातळ होता, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं आणि बरंचसं दिसतही होतं. चाचा खरोखरच बाहेर, चपलांच्या रांगेजवळ खुर्ची टाकून बसले होते.

सह्यांच्या आधी कमाल उठले. म्हणाले, माझी चूक झाली, तो तीनाचा नियम मी काढला आणि मीच परत घेतो. माणूस पुरा मोजा नाहीतर मोजूच नका. आणि जो मोजला त्याला मत. कॅम्पची पोरं बैठकीला येऊ शकत नसतील तर बैठक कॅम्पमध्ये घेऊ.

मजलिसमध्ये कुजबुज झाली. एका लहान गावाचा सदर म्हणाला, "कमाल, येडा झालास काय? सगली पोरं पुरी मोजली तर पेवखाडी आपल्याला बुडवील."

"डोक्यांच्या मजलिसीत बुडवील," कमाल म्हणाले. "गावांच्या मजलिसीत आपन चार जन सारके. दुसरी मजलिस त्याच्यासाठीच तर हाय. आपल्याला वाचवायला दुसऱ्याला कापायची गरज नाय."

खरी गंमत जैनुद्दीनभाईंची झाली. डोकी त्यांना पुरी मिळत होती, पण त्या डोक्यांना मत मिळालं तर ती आपल्याच शेठला देतील याची खात्री त्यांची त्यांनाच नव्हती. ते बराच वेळ दाढी कुरवाळत राहिले. कश्मिराने सुरी खाली ठेवली आणि कान दिला.

"नियम तुजा, मोडतोस पन तूच," जैनुद्दीनभाई शेवटी म्हणाले.

"व्हय. आनि भाईर चपलांपाशी जो मानूस बसलाय, तेना तुमच्या बापाला पन जेवायला घातलाय. तेला तीन म्हना तुमी, मी सही करतो."

जैनुद्दीनभाईंनी बाहेर बघितलं. मग स्वतः उठून गेले आणि चाचांना हाताला धरून आत घेऊन आले, आपल्या शेजारी बसवलं. मी आधीच सांगितलं, माणूस वाईट नाही. कमालनी खिशातून चावी काढून चाचांच्या तळहातावर ठेवली. चाचांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, तिचे दात जागेवर आहेत ना हे बघावं तशी, आणि कुर्त्याच्या खिशात टाकली.

"पुरी मोजा," जैनुद्दीनभाई म्हणाले. "सगली पुरी. खलास. आंबेखोलपासून सुरू करा, वडील मानूस हाय तो मोजील." त्यांनी पेन उघडलं. नव्या जमातीच्या सभासदांची नावं ते स्वतःच्या हाताने लिहिणार होते.

चाचांनी बोटं पसरली. स्वतःचं नाव घेतलं, कमालचं घेतलं, मग बाकीच्या पाच जणांची. सात झाले. जैनुद्दीनभाईंनी खाली रेघ मारली.

"थांब," चाचा म्हणाले. "रेग नको मारू. आठवी आमिना."

पेन थांबलं. "चाचा, बायकांना कसां..."

"तुमीच म्हनालात ना, सगली पुरी?" चाचांचा स्वर साधाच होता, काल माझ्या दारात होता तसाच. "मी मोजतंय ती खोलीत कोन आजारी पडला की डबा कोनाचा येतो, ते बघून मोजतंय. मना दुसरी मोजनी येत नाय. आनि नाय धरायच्या तर तूच सांग, पाचातली किती लावू?"

इकडे कश्मिरा उठून पडद्यापाशी जाऊन उभी राहिली. पडदा पातळ होता हे मी सांगितलंच आहे, आणि जैनुद्दीनभाई नेमके समोर बसले होते. त्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं. मग पेन उचललं.

"आमिना," ते म्हणाले, आणि लिहिलं.

"नववी सुहा," चाचा म्हणाले. सुहाने माझा हात घट्ट धरला.

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? इतक्या वर्षांत पडद्याच्या त्या बाजूने माझं नाव फक्त चहा मागायला आलं होतं.